एकच भाषा

"आजपासून आपली सगळी क्षेपणास्त्रं एकच भाषा बोलणार, साहेब! एकच प्रोग्राम सगळ्यांत. आता चुकायचा प्रश्नच नाही!" न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कर्नल थरमनने जनरलला छातीठोकपणे सांगितलं. चाचणी पार पडली की त्याला बढती पक्की होती.

पहिलं क्षेपणास्त्र गर्जत वर गेलं, हवेत वळलं आणि थेट माघारी आलं. पाहुण्यांचा तंबू, बार्बेक्यूची शेगडी आणि जनरलचे दोन्ही पाय उडाले.

रक्तबंबाळ कर्नल तंबूजवळच्या नियंत्रण-खंदकात शिरला. इज्जत वाचवायला त्याने लगेच दुसऱ्या क्षेपणास्त्राचं बटण दाबलं आणि मग तिथे बसलेल्या प्रोग्रामर लोर्नावर खेकसला, "बाई, निशाणा कुठला घातलास?"

"तुम्ही आकडे दिलेत कुठे? म्हणे, गुपित आहे! या भाषेला रिकामी जागा चालत नाही, साहेब. मी आपलं शून्य टाकलं."

"शून्य म्हणजे कुठे गं?"

"जिथून मोजायला सुरुवात करतो तिथे. म्हणजे या खंदकात."



पहिलं दहा पावलांनी चुकलं होतं. दुसरं चुकलं नाही.