कुरकुरणारं स्टूल

बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी आदेलिनोने ड्रमच्या स्टुलाला नेहमीप्रमाणे तेल घातलं.

"अरे, नवं कोरं आहे ते," गायक इव्हो म्हणाला.

"असू दे. विषाची परीक्षा कशाला?"

पोर्तो शहरातले बाकीचे हिप-हॉपवाले मशीनवर ठेका लावत. यांच्या बँडचं सगळं हातांनी वाजवलेलं. त्यामुळे पहिल्याच रेकॉर्डमध्ये, ध्रुवपदाच्या ऐन तोंडाशी, आदेलिनोचं जुनं स्टूल कुरकुरलं ते कायमचंच. गाण्याचा सत्यानाश केलास म्हणून इव्होने महिनाभर अबोला धरला होता. तेव्हापासून तेलाची कुपी आदेलिनोच्या खिशातून हलली नव्हती.

आज ते गाणं आलं. ती जागा आली. स्टूल गप्प. आणि रेकॉर्ड तोंडपाठ असलेलं अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, "कुर्रर्र!"

गाणं संपल्यावर इव्होने एकदा मागे वळून पाहिलं. मग माइकमध्ये गंभीरपणे म्हणाला, "तो आवाज आम्ही मुद्दाम ठेवला होता. खूप विचार करून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आदेलिनोने कुपी खिशात आणखी खोल ढकलली आणि बसल्या बसल्या हळूच बूड हलवून पाहिलं. पुन्हा, जरा जोर लावून. बेटं हूं की चूं करेना.