भिंगरूचा आवाज

बसा साहेब. उठायची घाई करू नका. तुमी ह्या चौकीत नवीन, तुमाला नीरजाबाईंची गोष्ट ठावं नसणार. लय झ्याक गोष्ट हाय. मधी हसू आलं तर खुशाल हसा, पण शेवटापातुर हलू नका.

वडिवळ्याच्या फुडं, धरणाच्या कडंला त्यांचा बंगला हाय. तितं आमची शालूबाई सैपाकाला जाती. तर ही शालूबाई एक दिवस पोलीस पाटलाच्या दारात उभी.

"महिपतीभाऊ, बाईंच्या माडीवर पोरगं रडतंय."

महिपती दाढी करत व्हता. "कुणाचं?"

"त्येच तर! बाई एकटी ऱ्हाती. ना लेकरू, ना बाळ."

"टीवी आसंल गं."

"टीवी 'आये, मला घरी जायाचंय' म्हणून हुंदकं देतो व्हय?"

महिपतीचा वस्तरा थांबला.

शालूबाईच्या डोस्क्यात लय दिवसांपासनं किडा वळवळत व्हता. माडीवरच्या खोलीला कायम कुलूप. किल्ली बाईंच्या कमरंला. कामाला लावली तवाच बाईंनी बजावलं व्हतं, जिना चढायचा न्हाई. खाणारी बाई एकटी, पण भाकरी दोघांच्या उठायच्या. रोज गरम दूध वर जायाचं. आन् जिन्याखाली एक बारकी चप्पल, लेकराच्या पायाची. बाईंना इचारावं तर त्या नुसत्या हसायच्या.

आता नीरजाबाई म्हंजे काय साधं माणूस न्हाई. टीवीवरच्या नटी. एका शिरेलीत सासू झालत्या आन् सुनेला अशा छळायच्या, की कामशेतच्या बाजारात एका म्हातारीनं त्यांना मेथी इकली न्हाई. "आधी सुनेला नीट वागीव, मग जुडी उचल," म्हणली. फुडं शिरेली सरल्या. मग बाई आवाजाच्या धंद्यात शिरल्या. म्हंजे पडद्यावर दुसराच कुणीतरी तोंड हलवणार, आन् बोलणार बाई. पण घसा घोगरा झाला आन् त्ये काम बी आटलं. बाई आमच्या मावळात येऊन बसल्या ती तवाची गोष्ट.

तर महिपती टोपी घालून शालूबाईसंगं बंगल्यावर गेला. बाई झोपाळ्यावर बसलेल्या.

"या पाटील. चहा घेणार?"

"च्या नगं. माडीवर कोण हाय, त्ये सांगा."

बाईंनी शालूबाईकडं बघितलं. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, तो भिंगरू!"

"कोण भिंगरू?"

"तुमच्या घरात पोरं कार्टून बघत नाहीत का? शेळ्या राखणारा वांड मुलगा?"

महिपतीच्या घरी सकाळ-सांज दुसरं काय लागतच नव्हतं. आक्खा मावळ त्या भिंगरूवर येडा. त्येचं बोलणं तर असं अस्सल आपलं, की वाटावं कुणी वडिवळ्याचंच पोरगं.

"त्यो तुमी?" महिपतीचा जबडाच खाली आला.

"मीच. वरच्या खोलीत माईक आहे. भिंतींना गाद्या लावल्यात, बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून. परवा तो जत्रेत हरवतो, त्याचं रडणं करत होते."

"आन् ती चप्पल?" शालूबाई म्हणली. तिनं अजून हार मानली नव्हती.

"ती पुढ्यात ठेवली की तो दिसतो मला. नटांचं असंच असतं गं वेडगळ. आणि चार-चार तास ओरडल्यावर भूक लागणार नाही? घशाला दूध लागणार नाही?"

महिपतीला राहवंना. "बाई, जरा बोलून दावा की."

"असं इथे नाही जमायचं. माईकपुढे उभी राहिले तरच तो अंगात येतो. बसा तुम्ही, मी वर जाते."

बाई वर गेल्या. कुलूप वाजलं, दार लागलं. थोडा वेळ कायच न्हाई. आन् मग वरनं त्योच आवाज, "रामराम पाटील! तुमच्या मिशा लय झ्याक हायेत!"

महिपती लेकरावानी टाळ्या पिटाय लागला. खाली आल्यावर बाईंच्या संगं फोटू काढला. वाटंत शालूबाईला म्हणला, "येडे, तू तर त्या माऊलीला बेड्या घालाय निघालीवतीस!"

मग काय इचारता. आख्ख्या गावाला इषय मिळाला. शालूबाई नळावर गेली की पोरं वरडायची, "मावशे, माडीवर पोरगं!" तिची सोताची नात पायल बी हसायची. शालूबाईनं मान खाली घातली ती घातलीच. काम सोडणार व्हती, पण बाईंनीच सोडू दिलं न्हाई. उलट लुगडं दिलं. "तुला खरं वाटलं, हाच माझा मोठा सत्कार," म्हणल्या. त्या दिसापासनं माडीवरनं काय बी ऐकू आलं, तरी शालूबाई आपली भाकरी थापायची.

आज सकाळी ती कामावर गेली, तर बाईंचा आवाज बसलेला. पार बसलेला, नुसती हवा भाईर यायची. शालूबाईनं ज्येष्ठमधाचा काढा करून दिला. बाई सैपाकघरात तिच्या म्होरं खुर्चीत बसल्या, गळ्याला मफलर गुंडाळून.

"आज भिंगरूला सुट्टी म्हणायची," शालूबाई म्हणली.

बाईंनी हसून मान हलवली आन् काढ्याचा पेला तोंडाला लावला. त्याच टायमाला माडीवरनं पोरगं वरडलं, "शालूमावशी, दार उघडा की वो!"

मीठ आणते म्हणून निघाली ती थेट हितं पळत आलीया, ही काय, भाईर उभी हाय. साहेब, आता उठा आन् गाडी काढा.