दोन पूर्णविराम

आईच्या पायांवर पुन्हा सूज चढली, तेव्हा शलाकाने घरातलं चमचाभर दही प्रयोगशाळेत नेलं.

त्या दह्यातल्या जिवाणूंमध्ये तिने आणि तिच्या सहकारी चारुहासने खाऱ्या खाजणातल्या एका जिवाणूचं जनुक बसवलं होतं. त्यातून त्यांच्या आवरणात एक पंप तयार व्हायचा आणि आतड्यातलं जास्तीचं मीठ ओढून घ्यायचा. मूत्रपिंडं थकलेली माणसं वाटीभर दह्यावर हिंडूफिरू लागली होती. विरजण घरोघर फुकट जाऊ द्यायचं, हे दोघांचं ठरलेलं. मग चारुहास असंच दही पाकिटातून विकणाऱ्या कंपनीत गेला.

पडद्यावर जनुकाची अक्षरं उमटली. निम्म्यावरच 'इथे थांब' अशी खूण होती आणि तिला लागून दुसरी. दही लागत होतं, पण पंप अर्धवटच बनत होता.

एखादी खूण चुकून पडते. दोन-दोन घालायची सवय मात्र एकाच माणसाची. "एकीवर भरवसा कशाला?" असं चारुहास नेहमी म्हणायचा.

तिने त्याला फोन लावला.

"विरजण असंच फिरत राहिलं तर कंपनीचं पाकीट घेणार कोण?" तो शांतपणे म्हणाला. "काकूंना मी देईन की पाकिटं."

ती घरी आली, तर आई ओट्याशी दूध कोमट करत होती.

"चारुहासने मागच्या महिन्यात आठवणीने नवं विरजण आणून दिलं बघ. जुनं आंबट झालंय म्हणाला. आमच्या शलाकाचं विरजण म्हणून अख्ख्या सोसायटीत वाटलं मी ते."