हलतं ते फक्त टेबल

नागुबाईंचा मुतखडा गोळ्यांनी विरघळेल की ऑपरेशनच करावं लागेल, हे लातुरातलं नवं सीटी मशीन सांगणार होतं. पण दोनदा टेबल सरकलं आणि दोनदा नागुबाई उडी मारून थेट बाहेरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्र्याण्णवचा भूकंप त्यांनी अंगावर झेललेला.

"आजी, हे मशीन दोन तऱ्हेच्या किरणांनी फोटो काढतं. तुम्ही हललात की दोन्ही जुळत नाहीत, मग खडा कसला ते कळत नाही," डॉ. अनय म्हणाले. भूकंपानंतर जन्मलेले, क्लासात कायम पहिले. "हलतं ते फक्त टेबल. तो भूकंप नसतो."

"तू बगितलास का रे भूकंप?"

"पुस्तकात वाचलाय."

"मग तुलाच जास्त ठावं असंल बाबा," म्हणत नागुबाई तिसऱ्यांदा आडव्या झाल्या आणि डोळे गच्च मिटले.

टेबल हललं. नागुबाई तसूभरही हलल्या नाहीत.

"शाब्बास, आजी!" काचेपलीकडून डॉक्टर ओरडले.



मशीन चालवणारा आनंदराज हळूच म्हणाला, "सर, मी बटन अजून दाबलंच न्हाई."