शेंदराचं कवच

तारापूरच्या रस्त्यासाठी आलेला जेसीबी गावदेवीच्या दगडासमोर थांबला होता. पुरातत्त्व खात्याच्या मॅडम म्हणाल्या, “मावशी, शेंदराखाली जुनं कोरीवकाम दिसलं, तरच मला काम थांबवता येईल.” रोज देवीला शेंदराचं बोट लावल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. आज उलथन्याने तोच शेंदूर खरवडत होते. “अगो, आईला सोलतेस काय?” जाऊबाई किंचाळल्या. “मग रस्त्याखाली गाडू देऊ तिला?” जाड कवच एकदम निखळलं. आत चेहराच नव्हता, छिन्नीचे घाव होते. “पोर्तुगीजांनी फोडली असणार. पण कोरीवकामच उरलं नाही, मी काय दाखवू?” मॅडम खाली बसल्या. जेसीबी पुन्हा घरघरला. मी कवच उलटं केलं. आतल्या बाजूला लुगड्याची वीण उमटली होती. शेंदराआधी कुणा बाईनं पदर फाडून आईच्या जखमा बांधल्या होत्या. जेसीबीकडे पाठ करून मीही माझा पदर फाडला.