बंद दाराचे तीन दिवस

दूध करपल्याचा वास दाराखालून आत आला आणि तिने कपाळाला हात लावला. महिन्याची दोन तारीख, म्हणजे तालमीचा दुसरा दिवस. उठून गॅस बंद करायची सोय नव्हती, कारण आज ती घरात नव्हतीच.

म्हणजे होती. आतल्या खोलीत, कॉटवर, उशाशी पाण्याची बाटली आणि पावाचा डबा घेऊन. पण नियम तिनेच घातला होता. दर महिन्याचे पहिले तीन दिवस आतलं दार बंद आणि ती 'गेलेली'. नवऱ्याने हाक मारायची नाही, तिने ओ द्यायची नाही. पेन्शनचे निम्मे पैसे त्याच्या हातात, उरलेले तिच्या उशीखाली. बाजार, बिलं, स्वयंपाक, हिशेब, सगळं त्याने एकट्याने निभवायचं.

पेन्शन तिची. बत्तीस वर्षं तिने शाळेच्या ऑफिसात बसून लोकांच्या मुलांची फी मोजली होती. तिच्या मागे त्याला निम्मीच मिळणार होती. आणि आधी कोण जाणार, हा प्रश्न डॉक्टरांनी निकालात काढला होता. "सहा महिने धरून चला," ते म्हणाले होते. घरी येताना ती वाटेत दुकानात शिरली आणि शंभर पानी वही घेऊन आली. रडायचं राहूनच गेलं.

घरखर्चातलं त्याला ओ की ठो कळत नसे. कारखान्यात तो सुट्या भागांची मापं तपासायचा, आणि तिथे केसाइतका फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पण पगाराचं पाकीट तिच्या हातात ठेवलं की तो मोकळा. साखर कुठल्या डब्यात असते हे त्याने चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. साबणाच्या चिपा जोडून नवी वडी करणारी बाई, पण ही विद्या तिने स्वतःपाशीच ठेवली. आता त्याचा पस्तावा होत होता.

पहिल्या तालमीआधी तिने त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"तुम्ही पास झालात की मी निर्धास्त."

"आणि नापास झालो तर?"

"तर पुन्हा बसायचं. तुम्हाला असं अर्धवट सोडून मला कुठे जाता येतंय?"

त्याने मान डोलावली होती. तो मुळातच कमी बोलणारा.

ही आठवी तालीम. सातही वेळा तो सपशेल आपटला होता. कधी विजेचं बिल विसरला, कधी भाजीवाल्याला दोनदा पैसे देऊन आला. बेरजेचा घोळ तर ठरलेला. पोटातली कळ दाबून ती लाल पेनाने वही दुरुस्त करायची आणि सगळं पहिल्यापासून शिकवायला बसायची. सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. "तुमचं कशावर चाललंय, कळत नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "काळजीवर."

दारापलीकडे त्याचा वावर ऐकू यायचा. एकच कप, एकच ताट, एकच चमचा. आपण नसताना हे घर असंच वाजणार, हे ऐकत ती पडून राहायची आणि तिला फार एकटं वाटायचं. काल दुपारी त्याची पावलं दाराशी येऊन थांबली होती. दाराखालच्या फटीत सावली बराच वेळ दिसत होती. तिने श्वास रोखून धरला. मग पावलं परत गेली.

चार तारखेला सकाळी तिने दार उघडलं. तो वही पुढ्यात घेऊन बसला होता.

"विजेचं बिल?"

"राहिलं."

"बेरीज एकशे वीसने चुकलीय."

"असेल."

"आणि दूध?"

"करपलं. लक्षच नव्हतं."

"अहो, उद्या मी नसेन तेव्हा गॅस बंद करायला कोण येणार आहे?" तिचा आवाज चिरकला.

त्याने वही मिटली. मग चपला घालून, "बिल दंडासकट भरून येतो," म्हणाला आणि निघून गेला.

तिला आठवण झाली गोळ्यांची. नव्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला भिंग हवं होतं. त्याचं भिंग हत्यारांच्या पेटीत असायचं. ती पेटी तिने जन्मात उघडली नव्हती, जसा त्याने साखरेचा डबा.

भिंगाखाली एक छोटी वही होती.

आठ महिन्यांची आठ पानं. छापल्यासारखं अक्षर. वीज, एक तारखेला भरली, पावती जोडली आहे. पावती खरंच टाचलेली होती. प्रत्येक पानाखाली बेरीज, निम्म्या पेन्शनच्या आत, आणि थोडी शिल्लक. तिने सवयीने बोटांवर ताळा केला. एका पैशाचाही फरक नव्हता.

ती पानं उलटत गेली. 'भाजीवाल्याला मुद्दाम जादा दिले. दुसऱ्या दिवशी परत आणले.' आणि शेवटच्या पानावर, परवाच्या तारखेला:

'दूध, पिण्यासाठी, अर्धा लिटर.'

'दूध, करपवण्यासाठी, पाव लिटर.'

जिन्यात पावलं वाजली. तिने वही होती तशी ठेवली, वर भिंग ठेवलं, पेटी लावली आणि डोळे पुसून खुर्चीत येऊन बसली.

"भरलं बिल," तो म्हणाला. "पन्नास दंड पडला."

"बरं."

तो समोर बसला. लाल पेनाकडे बघत त्याने विचारलं, "मग, निकाल काय?"

"नापास," ती म्हणाली. "पुढच्या एक तारखेला पुन्हा बसायचं."