तिसरी किल्ली

कुलूपवाल्याने मोडका कोयंडा उपटून जमिनीवर ठेवला. एका लाथेत गेला असणार, म्हणाला. सासूने मान हलवली. सून खुर्चीत बसली होती. प्लास्टरमधला हात तिने मांडीवर ठेवला होता, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

काय काय गेलं, त्याने विचारलं. वस्तू एकही नाही, सासूने सांगितलं. झटापटीत हिचा हात तेवढा मोडला.

"म्हणजे जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं, ताई."

सून हसली नाही. तिला रागही आला नाही.

पुढच्या दाराचं काम झालं, तसा तो सामान आवरू लागला. सासूने त्याला बाथरूमच्या खिडकीकडे नेलं. तिला संध्याकाळी लेकीकडे राहायला जायचं होतं. त्याआधी घर पक्कं बंद झालेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

खिडकीचा एक गज वाकला होता. तो पोराने वाकवलेला, शाळेत असताना. उंडारून उशिरा आला, म्हणून बापाने कडी घातली आणि धडा शिकवायला दाराशी खुर्ची टाकून बसला. सकाळी बघतो तर कार्टं अंथरुणात घोरत पडलेलं. कुलूपवाला खो खो हसला. सासूही थोडी हसली, सवयीने. गज बदलला.

मग गॅलरीचं दार. जरा उचलून ढकललं की कडी आपोआप पडायची. ही युक्तीही पोराचीच. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून तर पट्टी घालून खिटी सरकवता यायची. सासूचा नवरा कितीदा दुरुस्तीला निघाला होता, पण तिनेच होऊ दिलं नव्हतं. लेकरू उपाशीपोटी बाहेर राहील, म्हणायची.

"चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं आम्ही ऐकलेलं," कुलूपवाला म्हणाला. "तुम्ही तर त्याचे कान कापाल, आजी."

प्रत्येक दार तिने खांद्याने ढकलून पाहिलं. गॅलरीचं पुन्हा उचलून पाहिलं. हललं नाही.

घरचे मालक दिसत नाहीत, त्याने विचारलं. बाहेर आहे, उद्या येतो, सासू म्हणाली. सून उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिली.

त्याने किल्ल्या टेबलावर मांडल्या. एक आजींना, एक ताईंना, एक साहेबांना. सासूने दोन किल्ल्या सुनेच्या चांगल्या हातात दिल्या, तिची मूठ मिटली. तिसरी त्याच्यापुढे सरकवली.

"हिचे दात कानशीने घासून टाका."

"अहो, चांगली किल्ली आहे. अडीअडचणीला तुमच्याकडे राहू द्या."

"माझ्याकडे नको. तो दाराबाहेर बसून रडला की मी देऊन टाकेन. मी घरातही नको, आतून कडी काढीन."

कुलूपवाल्याने हसत कानस उचलली. "चोर कधी रडतो होय, आजी?"

"माझा मुलगा रडतो," ती म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर जाऊन तिने सुनेला दार लावून घ्यायला सांगितलं.